नऊवारीखालचा अँटेना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. टीव्हीचा नव्हे, मोबाइलचे नेट पकडून घरातल्या राउटरला पोचवणारा. माझा जन्म कोइमतूरच्या एका कारखान्यातला. तिथून आलो तो तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, भागीरथीबाईंच्या गच्चीवर. त्यांच्या जाड भिंतींच्या घरात फोन नुसता शोभेपुरता होता.

सांबशिव मेकॅनिकने मला जरा जरा फिरवले. खालून भागीरथीबाईंची मुलगी हरिप्रिया फोनवरच्या रेंजच्या काड्या मोजत ओरडत होती, "एक काडी... दोन... पोदुम, पोदुम! बस्स, चार आल्या!" त्याने खांबावर लाल रंगाची खूण केली आणि मला त्या खुणेवरून हलू देऊ नका, असे बजावले. त्या दिवशी माझे केवढे कौतुक झाले!

पुढे कुणी वर पाहिलेसुद्धा नाही. पाहिले ते फक्त भागीरथीबाईंनी. येता-जाता कुणाचा स्पर्श होणार नाही अशी उंच जागा म्हणून सोवळ्याची नऊवारी त्या काठीने माझ्यावरच वाळत घालू लागल्या. मला फार राग यायचा. मी काय दोरी आहे? पण उन्हात ती लवकर वाळे आणि निभून जाई.

परवा मात्र घात झाला. दुसऱ्या दिवशी आजोबांचे श्राद्ध होते. त्यासाठी धुतलेली जड, ओली नऊवारी माझ्यावर टाकून भागीरथीबाई केळीची पाने आणायला गेल्या. तिच्या ओझ्याने मी हळूहळू खुणेवरून फिरत गेलो. दहा वाजता हरिप्रियाची चेन्नईच्या एका शाळेतल्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. दोन वर्षे घरी बसलेल्या मुलीला आलेले ते एकच बोलावणे.

दुसऱ्याच प्रश्नाला पडद्यावरची माणसे गोठली. हरिप्रिया धावत वर आली. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. श्राद्धाचे सोवळे शिवायचे कसे? काठीसुद्धा सोवळ्यातलीच. आईला फोन लावावा, तर रेंज नाही. कठड्यावरून वाकून ती हाका मारत राहिली, "अम्मा! अम्मा गे!"

ओढ ती साडी, पोरी, ओढ! मी जीव तोडून सांगत होतो. पण मला वाचा कुठली? वीस मिनिटे ती माझ्यासमोर रडत उभी होती आणि तिचा हात माझ्यापासून वीतभर लांब होता.

भागीरथीबाई आल्या तेव्हा वेळ टळून गेली होती. सगळे ऐकून त्यांच्या हातातली पाने खाली पडली.

"अय्यो! ओढून टाकायची होतीस कीं गे! मी परतून धुतली असती!"

बाईंनी नऊवारी खसकन ओढली, मला दोन्ही हातांनी धरून लाल खुणेवर आणले. "आता बघ. किती आल्या?"

"चार," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर काही वाळत घालू नका. आणि घातलेच, तर ते केव्हा ओढून काढायचे, हे मुलांना आधी सांगून ठेवा.