तिसरी रिंग

"बाई, दाबून दाबून बोट झिजलं माझं," असं म्हणत त्या गृहस्थांनी मोबाइल काउंटरच्या फटीतून थेट आईच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एकच ओळ होती : पान सापडले नाही. त्यांच्या मागे अकरा जण उभे होते आणि त्या अकराही जणांना ते पान सापडत नव्हतं.

आमच्या शाळेच्या छपराचं काम निघाल्यामुळे आठवडाभर सुट्टी होती. घरी बसून मी काय दिवे लावणार याची आईला कल्पना असल्याने तिने मला सोबत आणलं होतं. तिच्या मागच्या स्टुलावर बसून मी बीजगणित सोडवायचं असं ठरलं होतं. त्या मंगळवारी मी एकही गणित सोडवलं नाही. आईच एक सोडवत होती आणि ते माझ्या पुस्तकातल्या सगळ्यांपेक्षा अवघड होतं.

आई एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये रिपोर्ट विभागात आहे. विभाग म्हणजे ती एकटी, एक कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारी खुर्ची. रक्त तपासून झालं की पेशंटला मेल जातो, मेलमध्ये निळी लिंक असते, ती दाबली की रिपोर्ट उघडतो. खाली ओळ असते : अडचण आल्यास फोन करा. आणि त्यापुढे आईचा स्वतःचा मोबाइल नंबर. अकरा वर्षांपूर्वी लिंकची ही पद्धत सुरू झाली तेव्हा लॅबमध्ये जादा फोन नव्हता. तात्पुरता तुमचा द्या, असं साहेब म्हणाले होते. ते तात्पुरतं माझ्या बालवाडीपासून नववीपर्यंत चाललं.

त्यामुळे आमच्या घरी चौथं माणूस म्हणजे तो फोन. जेवताना तो आईच्या ताटाशेजारी असतो. ती तो नेहमी तिसऱ्या रिंगला उचलते. पहिल्या रिंगला उचलला तर समोरचा दचकतो, म्हणे, आणि पाचव्यापर्यंत तो घाबरतो. उचलून म्हणते, "बोला, कुठे अडलंय?" मग कुणाला पासवर्ड आठवत नसतो, कुणाचा चष्मा सापडत नसतो. एक काकू लिंकचं निमित्त करून सुनेबद्दल बोलतात. एक आजोबा तर लिंक उघडली तरी फोन करतात, उघडली बरं का, एवढंच सांगायला. लोक तिला लिंकवाल्या बाई म्हणतात. मला पूर्वी या नावाची लाज वाटायची. यंदा वर्गात उभं राहून न अडखळता बोलायला लागल्यापासून मला कशाचीच लाज वाटत नाही, हा भाग वेगळा.

तर, सोमवारी संध्याकाळी लॅबच्या सॉफ्टवेअरचं अपडेट झालं आणि मंगळवारी सकाळपासून एकही लिंक उघडेना.

आईने आधी आपल्या फोनवर पाहिलं, मग वॉचमनकाकांच्या, मग माझ्या. मग स्वतःलाच एक रिपोर्ट पाठवला. तोही उघडेना. शेवटी तिने मागच्या आठवड्यातला एक मेल आणि आजचा एक मेल छापून काढला आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. उजेडात दोन्ही लिंका एकमेकींवर बसल्या. जुनीच्या शेवटी पेशंटचा दहा आकडी नंबर होता, नवीत चारच आकडे. उरलेले सहा अपडेटने गिळले होते.

"शेपूट तुटलंय गं," आई म्हणाली. चोर सापडल्यासारखी खूश झाली होती.

सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला तर तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की शुक्रवारच्या अपडेटमध्ये बघतो. म्हणजे शुक्रवारपर्यंत प्रत्येक लिंकला आईनेच हाताने शेपूट लावायचं. अडकलेले मेल होते दोनशे चाळीस.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही गोष्ट लिहिलीच नसती. पण संध्याकाळी बघूसाहेब आले. हे आईचे साहेब. पगारवाढ, पंखा, रजा, काहीही मागा, 'बघू' म्हणतात, म्हणून सगळ्या लॅबमध्ये त्यांचं हेच नाव. शनिवारीच आईने त्यांना चिठ्ठी लिहून दिली होती की अपडेट आधी एकाच मशीनवर करून पाहावं. तेव्हाही ते बघू म्हणाले होते आणि बघितलं काही नव्हतं. आता त्यांनी तिच्यासमोर एक टाइप केलेला कागद ठेवला. त्यात आईच्या नावाने लिहिलं होतं की पेशंटचे नंबर भरताना माझ्या हातून चूक झाली. लॅबच्या मालक डॉक्टरबाई गुरुवारी गावाहून परतायच्या होत्या, त्याआधी आईने खाली सही करायची.

आई म्हणाली, नंबर तर मी भरतच नाही, मशीन भरतं.

"तुम्ही सही करा हो. नुसता कागद आहे," साहेब म्हणाले. "नाहीतरी तळघरातल्या जुन्या फायली लावायला कुणीतरी हवंच आहे. तिकडे शांत असतं."

म्हणजे सही केली की तिच्या अकरा वर्षांवर काट आणि रवानगी तळघरात. आईने कागद उचलला. "वाचते आणि सांगते," म्हणाली आणि तो खणात ठेवला. बस्स. ना आवाज चढवला, ना डोळ्यांत पाणी. घरी येऊन भाजी चिरली, फोन आले ते तिसऱ्या रिंगला उचलले.

माझ्या मात्र डोक्यात जाळ झाला होता. अंथरुणात पडल्या पडल्या मी बघूसाहेबांचे बारा प्रकारे हाल केले. त्यांची खुर्ची कुरकुरती केली. त्यांच्या स्कूटरची हवा सोडली. त्यांना तळघरात बसवून वरून फायली टाकल्या, वजनदार. पण यातलं एकही पुरेसं वाटेना. मला हवं होतं की त्यांना आईचं काम कळावं, आणि ते सुखाने कळू नये.

बुधवारी सकाळी आम्ही शेपटं लावायला बसलो. आई आकडे वाचायची, मी टाइप करायची. साडेअकराला शेवटचं लागलं. "आता जरा वाचून घे आणि पाठव सगळे," असं म्हणून आई वरच्या मजल्यावर नवे रिपोर्ट आणायला गेली. मी वाचू लागले. पहिली लिंक चालली नाही, क्षमस्व, ही नवी लिंक वापरा. अडचण आल्यास फोन करा.

समोरच्या भिंतीवर आग लागल्यास कुणाला कळवायचं त्याची यादी होती. तिसऱ्या ओळीत बघूसाहेबांचा खासगी नंबर होता.

मला वाटलं, आग तर लागलीच आहे.

आईचा नंबर पुसायला मला चार सेकंद लागले. त्यांचा लिहायला सहा. मग मी दोनशे चाळीस मेल एका दमात सोडले आणि बीजगणिताचं पुस्तक उघडून सज्जन मुलीसारखी बसले.

साहेबांची केबिन आणि आईची खोली यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत आहे, त्यामुळे मला सगळं पहिल्या रांगेत बसल्यासारखं ऐकू येत होतं. पहिल्या फोनला ते राँग नंबर म्हणाले. दुसऱ्यालाही. पाचव्याला विचारलं की कसली लिंक. लोकांचं कसं असतं, नवा मेल आला तरी निम्म्यांनी जुनीच लिंक पुन्हा दाबली होती आणि वैतागून नव्या मेलखालच्या नंबरवर फोन लावला होता. दोन वाजेपर्यंत साहेबांना जेवता आलं नाही. त्यांचा डबा उघडल्याचा आवाज मी तीनदा ऐकला आणि लगेच फोनचा, तीनदा. एका बाईंना ते निळं कुठे दिसतंय ते सांगत होते, नाही, वर नाही, खाली, अहो तुमचं खाली. मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसले. खोटं कशाला बोलू, इतका चांगला दिवस माझ्या आयुष्यात दुसरा आलेला नाही.

आणि तीनच्या सुमारास सोन्यासारखं वाक्य आलं. "अहो, अपडेट बिघडलंय, आमच्या बाई काय करणार?" त्यात दया वगैरे काही नव्हती, फोन लवकर संपावा म्हणून म्हणाले. पण एकदा युक्ती लागू पडल्यावर ते सगळ्यांनाच हे सांगायला लागले. टोकन देणाऱ्या काकू चहा ठेवायला आल्या होत्या, त्या ट्रे धरून दारातच उभ्या राहिल्या. "काल तर वेगळंच सांगत होते की," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, हे लक्षात ठेवा. काकूंचं एक आहे, त्यांच्या लक्षात राहिलेलं दहा जणांच्याही लक्षात राहतं.

इकडे आईचं वेगळंच चाललं होतं. रोज तिला साठेक फोन येतात. त्या दुपारी दोन आले, त्यातला एक बाबांचा. तिने फोन उलटा करून पाहिला. बंद करून चालू केला. मग टोकनच्या काउंटरवर जाऊन तिथल्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावला आणि हातातला मोबाइल वाजल्यावर त्याच्याकडे बघत राहिली.

"वाजतोय तर," ती म्हणाली. "मग लोक का करत नाहीयेत?"

मी म्हटलं, लिंका उघडत असतील. तिलाही ते पटलं, पण आनंद झालेला दिसला नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज चढला. "उघडली ना? मग मला कशाला सांगताय आजोबा? उघडली तर गप्प बसा ना."

आईने मान वर केली. क्षणभर भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईला दोन कागद काचेला धरावे लागले नाहीत.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता तो मेल उघडला, आपला नंबर परत घातला, सगळ्यांना पुन्हा पाठवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ते काय म्हणत होते? आजोबा?"

"उघडली बरं का," मी म्हटलं.

गुरुवारी डॉक्टरबाई आल्या. साहेब त्या कागदाची दुसरी प्रत घेऊन तयार होते, शिवाय आता नंबर बदलल्याची ताजी तक्रारही होती. आई म्हणाली, माझ्या टेबलावरून गेलंय, जबाबदारी माझी. मी मध्येच उभी राहिले आणि म्हणाले की नंबर मी बदलला, आणि का बदलला तेही सांगते. एका शब्दावर अडखळले, पण थांबले नाही. खणातून आईने ठेवलेली शनिवारच्या चिठ्ठीची नक्कल काढली. ते दोन छापील कागद डॉक्टरबाईंच्या हातात दिले आणि खिडकीला धरायला लावले. टोकनवाल्या काकूंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या आल्या आणि कालची साहेबांची वाक्यं साहेबांच्याच आवाजात म्हणून दाखवली.

डॉक्टरबाईंनी तो टाइप केलेला कागद फाडला. मग मला खडसावलं, ते मी ऐकून घेतलं. मग साहेबांना, तेही मी ऐकून घेतलं, फार मन लावून. त्यांचे कान लाल होत होते आणि मला वाटत होतं की हे संपूच नये. अजूनही आठवलं की बरं वाटतं. त्यांच्याबद्दल मला तसूभरही वाईट वाटत नाही, आणि कधी वाटणारही नाही.

पण डॉक्टरबाई जाता जाता आईकडे वळल्या. फार आपुलकीने म्हणाल्या, "अकरा वर्षं तुमचा खासगी नंबर छापला जातोय? जेवताना, सणासुदीलासुद्धा? हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?" आणि हुकूम दिला की उद्यापासून लॅबचा वेगळा नंबर. तो बघूसाहेबांच्या टेबलावर राहील, फोन तेच घेतील.

मी आनंदाने उडीच मारणार होते. साहेबांना यापेक्षा चांगली शिक्षा मला बारा प्रकारांतही सुचली नव्हती. आईकडे बघितलं. ती हसून म्हणाली, "बरं झालं बाई. सुटले."

शुक्रवारी नवं अपडेट आलं, शेपटं जागेवर आली. घरी आता आम्ही सलग जेवतो. फोन मात्र ताटाशेजारीच असतो, पूर्ण चार्ज केलेला, पालथा न घालता. बाबा म्हणाले, ठेव की तो आत. ती म्हणाली, असू दे.

सोमवारी शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीत मी ऑफिसात गेले आणि शिपाईकाकांना विचारून तिथला फोन उचलला. हा नंबर आईकडे नव्हता. तिला काय सांगायचं ते मी ठरवलं होतं, वर्गासमोर बोलायच्या आधी ठरवते तसं, पहिलं वाक्य तर पाठच होतं. नंबर फिरवला आणि तीन रिंगांची तयारी ठेवली.

पहिली रिंगसुद्धा पुरती वाजली नाही.

"बोला," आई म्हणाली, "कुठे अडलंय?"