पळता जाळ

तळेगावातल्या सोसायटीच्या पाच मजली दर्शनी भिंतीवर राजेश्वरीचं चित्र जवळजवळ पुरं झालं होतं आणि ते कशाचं आहे, हे एकालाही कळलं नव्हतं. डावीकडे काळा चौकोन, उजवीकडे मातकट तपकिरी, मधोमध नारिंगी फटकारे. येता-जाता माना वाकड्या करून लोक बघायचे. एकाने 'मीटरबॉक्स जळला वाटतं' म्हणून हशाही मिळवला. सेक्रेटरी सुहास मात्र भलताच खूश होता. "मॅडम, काय स्पीड आहे! उद्या परांची उतरवून टाकू," तो म्हणाला. तीस वर्षं अमूर्त चित्रं काढणाऱ्या राजेश्वरीला असली स्तुती पाठ होती. चित्र कशाचं, असं कुणी विचारलंच तर 'रंगांचं' म्हणून ती विषय मिटवायची.

या भिंतीचं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. हा तिच्या आईचा, नंदाबाईचा राब होता. मावळात उन्हाळा सरता सरता भातरोपांच्या जागेवर शेण, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, पाला, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि ते सगळं भाजायचं, त्याला राब म्हणतात. आई हे थर पोराला पांघरूण घालावं तसे हळुवार रचायची. धुराचा वास आठवडाभर केसांत राहायचा आणि राजेश्वरीला तो फार आवडायचा. शेत कधीच गेलं, आईलाही जाऊन चार वर्षं झाली. निदान एक भिंत तरी आईच्या नावाने उभी राहावी, एवढंच तिला हवं होतं.

दुपारी पहिल्या मजल्यावरची कस्तुराबाई काठी टेकत खाली आली. मुलाकडे राहायला आलेली पवन मावळातली म्हातारी. हाताला काम नाही म्हणून साऱ्या सोसायटीवर नजर. कपाळावर हात धरून तिने भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"राब हाय ना गं ह्यो?"

परांचीवर बसलेल्या राजेश्वरीचा ब्रश जागच्या जागी थांबला. "व्हय, मावशी," तिच्या तोंडून गावाकडचंच निघालं.

"मंग चुकला की! जाळ कोऱ्या, न जळल्या अंगाला कललाय. म्हंजी वाऱ्याच्या पाठीवरनं पेटवला. अशानं आग पळती, माती भाजत न्हाई. मंग रोपाआदी तणच उगवतं. जाळ जळल्या अंगाला झुकाया पायजे. वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकाया पायजे."

राजेश्वरीने वळून भिंतीकडे पाहिलं. असाच जाळ तिने पाहिला होता, दहाव्या वर्षी. आई पाण्याला गेली असताना तिने हौसेने काडी ओढली, ती नेमकी चुकीच्या टोकाला. बघता बघता आग सगळ्या राबावरून धावत गेली. त्या साली रोपं कमी पडली, दुसऱ्यांच्या दारात जाऊन मागावी लागली. आईने मात्र सगळ्यांना सांगितलं, "म्याच पेटवला. ध्यान नव्हतं." इतकी वर्षं भात लावून हिला वारा कळेना, म्हणून आळीतल्या बायका पावसाळाभर हसल्या. आई खाली मान घालून लावणी करत राहिली. राजेश्वरी तेव्हा गप्प बसली, पुढेही गप्पच राहिली. आणि आता आईच्या माथी मारलेली तीच चूक तिने पाच मजले उंच करून टांगली होती.

"आयेनं शिकवलं न्हाई व्हय तुला?" कस्तुराबाईने खालून विचारलं.

मेल्यावरसुद्धा बोल आईलाच! राजेश्वरी ताडकन उभी राहिली. परांची डुगडुगली.

"शिकवलं व्हतं!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की दोन-तीन गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. "आईनं समदं शिकवलं व्हतं, मावशी. काडी मी वढली. मी! आईनं नुसतं सोताच्या अंगावर घेतलं."

 म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "मंग पोरी, तिचा राब तिला नीट करून दे."

परांची उद्या उतरायची नाही, असं राजेश्वरीने सुहासला वरूनच सांगितलं. मग डोळे पुसत तिने पहिला नारिंगी फटकारा खरवडायला घेतला.