कागदावर उमटलेला हैबतराव

सोनगीरच्या किल्ल्याखाली अमावस्येला पाय ठेवायला जागा नसायची. गोत्रनाथबाबा कोरा कागद दिव्यावर धरायचा, त्यावर भक्ताच्या पूर्वजाचं नाव उमटायचं आणि माणसं ओक्साबोक्शी रडायची. "पितर बोलतात, मी नुसता कागद धरतो!" बाबा तुपाळ आवाजात म्हणायचा.

त्याच कागदाने माझा संसार मोडला. माझे दोन गर्भ पडले, तेव्हा सासूबाई, तानुबाई, मला त्याच्याकडे घेऊन गेल्या. कागदावर उमटलं, 'कोंडाबाई'. माझ्या नवऱ्याची खापरपणजी.

"कोवळ्या वयात हिला विहिरीत ढकललं," बाबा म्हणाला. "ती या सुनेच्या पोटात बसली आहे. सुलक्षणाला घराबाहेर काढा."

नवऱ्याने, किरणने, मला चोपड्याला माहेरच्या दारात सोडलं. गाडीतून तो उतरलासुद्धा नाही.

खूप रडले. मग वाटलं, कोंडाबाई मेली तर तिची नोंद असणारच. शिरपूरच्या कचेरीत अर्ज केला, हेलपाटे घातले. शेवटी सासरच्या गावच्या जन्ममृत्यूचं जुनं दप्तर समोर आलं. अक्षर मोडी. ते जाणणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी वाचलं, "कोंडाबाई, वय साठ, मरणाचं कारण प्लेग."

"आणि विहीर?"

"विहीर कुठेच नाही, ताई."

मी सहीशिक्क्याची नक्कल घेतली. पण मग बाबाला नाव कळलं कसं? तेव्हा आठवलं, दरबाराबाहेर नारळ विकणाऱ्या मोतीलालने सासूबाईंकडे घराण्याची किती चौकशी केली होती!

किरणच्या दुसऱ्या लग्नाचा कौल घ्यायला सासूबाई पुन्हा जाणार असल्याचं कानावर आलं. त्या दिवशी मी आधी पोचले. तोंडावर पदर घेऊन मोतीलालला म्हटलं, "आज तानुबाई येतील. त्यांच्या घरात एक हैबतराव होता. त्याचं नाव कुणी घेत नाही." ते नाव मी एसटीत बसून रचलं होतं.

दरबार भरला. सासूबाईंबरोबर किरणही आला होता. दिव्यावर कागद तापला. 'हैबतराव'!

"हा पितर दुसरी सून मागतो!" बाबा गरजला.

सासूबाई गोंधळल्या. "हाऊ कोन शे? आमना घरमा असा कोनी नही शे!"

मी पदर काढला. "नसणारच. त्याला मी जन्माला घातलंय, मोतीलालच्या दुकानात."

पूजेच्या ताटातलं लिंबू पिळलं, काडी बुडवून कोऱ्या कागदावर लिहिलं, पदराने वारा घालून वाळवलं आणि दिव्यावर धरलं. तपकिरी अक्षरं उमटली, 'मोतीलाल'. "लिंबाचा रस आहे हा. वाळला की दिसत नाही, तापला की करपतो. यात कुठला पितर बोलला?"

पळणाऱ्या मोतीलालला लोकांनी धरलं. बाबा हात जोडून पुटपुटला, "ताई, तक्रार नका करू. मला पोट आहे."

"मलाही होतं," मी म्हणाले आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार नोंदवली. पोलीस त्याला गाडीत कोंबत असताना मी पुढे उभी राहून डोळे भरून पाहिलं.

"चूक व्हयनी बेटी, घर चाल," सासूबाई रडत म्हणाल्या. मी कोंडाबाईची नक्कल त्यांच्या हातात ठेवली. "आधी हिची माफी मागा. म्हातारी होऊन आजाराने मेलेल्या बाईला तुम्ही भूत केलंत." आणि चोपड्याची बस धरली. किरण हाक मारत राहिला. मी वळले नाही.

तुमच्या मेलेल्या माणसांबद्दल कुणी काही सांगितलं, तर हात जोडू नका. मूळ नोंद मागा.