निळ्या फुलांची सावली

करवतीचा आवाज आला तशी थोरली जाऊ शिलाई मशीन सोडून मागच्या अंगणात धावली. मोठ्या झाडावर करवतवाला चढला होता. खाली धाकटी जाऊ कमरेवर हात ठेवून उभी.

"आधी खाली उतरा!" थोरली ओरडली.

"नाही उतरायचं. मी बोलावलंय." धाकटी म्हणाली.

करवतवाला बिचारा फांदीला मिठी मारून बसला. "तुमचं ठरू द्या आधी. मी इथं बरा आहे."

त्या झाडाच्या सावलीत थोरलीने रानातली निळी फुलं लावली होती. रस्त्यासाठी रान साफ झालं, त्याआधी तिथून बी वेचून आणलं होतं. पहिली काही वर्षं नुसती पानं. यंदा कुठे कळ्या धरल्या होत्या. ऊन लागलं की सगळं मातीत जाणार.

"ताई, माझ्या खोलीत ऊन म्हणून येत नाही. छाती नुसती वाजते. तुमच्या फुलांपायी मरू का मी?"

"नाटकं पुरे," थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. भिंतीपलीकडचा खोकला तिने रोज ऐकला होता, पण मागे दोघींचं भांडण झाल्यापासून त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ती तरातरा आत गेली. भिंतीवर काळी बुरशी चढली होती, गादी कपाटाला टेकवून वाळत ठेवली होती. तिने भिंतीला हात लावला. तळवा ओला झाला.

बाहेर येऊन ती खालच्या आवाजात म्हणाली, "जरा थांबा. मला कंद काढू द्या."

"कळ्यांवर असताना?" धाकटी चपापली. "जगतील का?"

"कोण जाणे."

थोरली गुडघ्यांवर बसून हाताने माती उकरू लागली. कंद खोल गेले होते. एक तुटला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने शेजारी धाकटीचं खुरपं आलं. दोघी खणत राहिल्या. न्हाणीघरामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कंद लावले, वर कुजका पाला पसरला. मग फांद्या धाडधाड कोसळल्या.

आठवड्याभरात पानं पिवळी पडली. कळ्या गळाल्या. थोरली तिकडे फिरकेनाशी झाली. पाणी धाकटीच घालायची.

पुढच्या वर्षी एका सकाळी न्हाणीघरामागून हाक आली, "ताई! अहो, लवकर या!"

 थोरली अनवाणीच धावली. बरेचसे कंद कुजले होते. पण पाल्यातून तीन रोपं वर आली होती, आणि एकाला फूल होतं.

"हात नको लावू," थोरली म्हणाली, आणि तिथेच मटकन बसली.