कापायचं की शिवायचं

ऑपरेशन टेबलावर आकांक्षा टक्क जागी होती. पाठीत दिलेल्या इंजेक्शनने कमरेखालचं अंग बधिर झालं होतं, पण समोरच्या पडद्यावर तिला स्वतःचाच उजवा गुडघा आतून दिसत होता.

भोईवाड्याच्या कबड्डी संघाची ती चढाईपटू. वय बावीस. तीन आठवड्यांपूर्वी सामन्यात पकड करणाऱ्या मुलींची साखळी अंगावर आली, गुडघा पिळवटला आणि तेव्हापासून चालताना मध्येच अडकायला लागला. एका बँकेच्या संघाची निवड चाचणी सात आठवड्यांवर होती. निवड झाली की नोकरी पक्की.

"दुर्बिणीचं ऑपरेशन आहे गं," तिचे कोच हितेंद्र सर म्हणाले होते. "दोन भोकं. दुसऱ्या दिवशी घरी, महिन्याभरात मॅटवर."

डॉक्टर कर्णिक मॅडमनी तेव्हाच नकारार्थी मान हलवली होती. "भोकं लहान असतात, आतलं काम लहान असेलच असं नाही. गुडघ्यातली गादी फाटलीय. तुकडा काढला तर दीड महिन्यात खेळशील. शिवली तर सहा महिने खेळ विसर. काय करायचं ते आत गेल्यावरच ठरेल."

"मला विचारल्याशिवाय ठरवू नका," आकांक्षा म्हणाली होती. "मी जागी राहीन."

आता मॅडमनी आतल्या बारीक आकड्याने गादीची कड उचलली. कोवळ्या खोबऱ्यासारखी पांढरी कड लगेच सुटून वर आली.

"ही बघ. कडेला फाटलीय, तिथे रक्त पोचतं. म्हणजे शिवली तर जुळू शकते. काढायची तर निम्मी गादी जाईल."

"निम्मी गेली तर?"

"चाचणी देशील. काही वर्षं खेळशीलही. पण हाडं लवकर झिजतील बहुतेक. झिजलेल्या गुडघ्याला ही दुर्बीण नवं करू शकत नाही. तेव्हा माझ्याकडे आलीस तर या भोकांतून मला फारसं काही करता येणार नाही."

"शिवली तर नक्की जुळेल?"

"नक्की नाही. बऱ्याच जणांची जुळते. सगळ्यांची नाही." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "मांडीला रक्त थांबवणारा पट्टा बांधलाय. फार वेळ थांबता येणार नाही मला."

"आईला विचारा ना," आकांक्षा पुटपुटली.

सिस्टर बाहेर जाऊन आल्या. "सर म्हणतात, काढून टाका. आई म्हणतात, 'माका काय इचारतास? पाय तिचो.'"

आकांक्षाला आईचा राग आला. कुणीतरी हो किंवा नाही म्हणायला हवं होतं. पडद्यावर ती कड गुडघ्यात सोडलेल्या पाण्यात हलत होती. बाजूचं यंत्र टिकटिकत होतं, आणि मॅडम हात स्थिर ठेवून वाट पाहत होत्या.

"शिवा," ती म्हणाली. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

चाचणीच्या दिवशी ती कुबड्या घेऊन गेली. तिच्याच संघातल्या मनवाची निवड झाली. आकांक्षाने टाळ्या वाजवल्या, घरी येऊन जेवली नाही. हितेंद्र सर दोन महिने फिरकले नाहीत. ती रोज व्यायामाला जायची, आणि गुडघा जरा कट्‌ वाजला तरी थांबून तो चाचपायची.

सात महिन्यांनी मॅडमनी परवानगी दिली. "पूर्ण खाली बसताना थोडं दुखत राहील कदाचित," त्या म्हणाल्या.

सरावाच्या पहिल्या चढाईत डाव्या कोपऱ्यावरच्या मुलीने तिचा उजवा घोटा धरला आणि जोरात ओढला. गुडघा वळला. सर रेषेपर्यंत धावत आले. आकांक्षा मॅटवर पडल्या पडल्या वाट पाहत राहिली, आता अडकेल, आता अडकेल म्हणून.

"दुखलं?" सरांनी विचारलं.

"थोडं."

ती बाद झाली होती. उठून स्वतःच्या पायांनी बाहेर गेली, बाकावर बसली आणि गुडघा सावकाश वाकवून पाहिला. मग सरळ केला. पुन्हा वाकवला.