गुरुवारची माती

बुटाच्या टाचेतली माती मी खिळ्याने उकरली, तळहातावर घेतली आणि थुंकी लावून चोळली. तांबडी. सलग चौथ्या गुरुवारी तांबडी.

आमच्या फुटबॉल क्लबात एक नियम आहे आणि तो मी केलेला आहे. बाहेरची पादत्राणं मैदानावर न्यायची नाहीत. अध्यक्ष असोत नाहीतर दूधवाला, माझ्या खोलीबाहेरच्या लाकडी मांडणीवर चपला-बूट काढायचे आणि मगच गवताला पाय लावायचा. सव्वीस वर्षं मी मैदान राखतोय. गवत कापतो, रोलर ओढतो, सामन्याच्या सकाळी फक्कीने पांढऱ्या रेषा मारतो. आणि मांडणीवरचे बूट बघून कोण कुठून आलाय ते सांगतो. एकदा एक बचावपटू ताप आलाय म्हणून सरावाला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच्या बुटातून किनाऱ्यावरची वाळू निघाली. त्याचा ताप मीच उतरवला. तेव्हापासून लोक मला टरकून असतात आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

आता हा नवा मॅनेजर. नवा म्हणजे अकरावा. पहिल्याच सभेत उभा राहून म्हणाला, "मला तीन वर्षं द्या. संघ मुळापासून बांधायचाय." मी मागे खुर्च्या लावत होतो. मनात म्हटलं, झालं, हाही त्यातलाच. आधीच्या दहांपैकी एकाने 'एका वर्षात चषक' म्हटलं होतं, एकाने 'शिस्त, शिस्त, शिस्त' म्हटलं होतं आणि जाताना ड्रेसिंग रूमचं घड्याळ घेऊन गेला होता. मी याचं नाव 'तीनवर्षे' ठेवलं. तिसऱ्या दिवसापासून सगळा क्लब त्याला तसंच म्हणू लागला.

वर्षभरात अठरा सामने, अकरा हार. नावाजलेले दोघे त्याने घालवले आणि ओठावर मिसरूड न फुटलेले पाच घेतले. लोक गॅलरीतून काय काय ओरडायचे ते इथे लिहिण्याजोगं नाही. हा मात्र शांत. हरल्यावर वहीत काहीतरी लिहायचा. मला त्या वहीचा भयंकर संशय. हरलेला माणूस चिडला पाहिजे, निदान बाटली तरी आपटली पाहिजे. हा लिहितो काय?

आल्या आल्या त्याने मला विचारलं होतं, "काका, उत्तरेच्या गोलसमोर पाणी तुंबतं. काही करता येईल?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही पोरं सांभाळा. मैदानाचं मला शिकवू नका."

"बरं," म्हणाला. पुन्हा कधी विषय काढला नाही. तेही मला खटकलं. एवढ्या सहज गप्प बसणारा माणूस सरळ नसतो.

आणि आता गुरुवार. गुरुवारी दुपारी सराव नसतो. हा दोनला जायचा, पाचला परत यायचा, बुटांना तांबडी माती. आमच्याकडे सगळी काळी जमीन. तांबडी माती फक्त नदीपलीकडे, आणि तिथे एकच मैदान, गिरणीवाल्यांचं. आमच्या डोक्यावर दरवर्षी मिरे वाटणारा संघ.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"अहो, जात असेल कुणा नातेवाइकाकडे."

"दर गुरुवारी? त्याच वेळेला?"

"तुम्हाला माझ्या भावाचाही संशय आला होता. लग्नात चप्पल चोरली म्हणून. सापडली ना ती तुमच्याच पिशवीत?"

"तो विषय वेगळा."

"तुमचे सगळे विषय वेगळे," ती म्हणाली आणि देठं उचलून आत गेली.

तरी मी घाई केली नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पुढच्या गुरुवारी तो परतला तेव्हा मी मांडणीपाशीच उभा राहिलो.

"साहेब, गुरुवारचे कुठे असता?"

तो नाडी सोडत होता. हात जरासा थांबला. ते मी बरोबर पाहिलं.

"एक काम आहे, काका. जमलं की आधी तुम्हालाच सांगेन."

जमलं की! म्हणजे बोलणी चालू आहेत. इकडे तीन वर्षं मागायची आणि तिकडे गिरणीवाल्यांकडे खुर्ची धरून ठेवायची. माझं रक्त तापलं. त्या पाच पोरांचं काय? त्यांच्या आया दर रविवारी गॅलरीत येऊन बसतात, त्यांचं काय?

शनिवारी कमिटी बसणार होती. मॅनेजरला ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय. शुक्रवारी अध्यक्षांनी मला बोलावलं.

"दोघं म्हणतात ठेवा, दोघं म्हणतात काढा," ते म्हणाले. "माझं मत उरलंय. खरं सांगू? मला पोरगा बरा वाटतो. धीर धरावा म्हणतोय. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही, तू सांग. माणूस कसा आहे?"

मी खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्यांच्या टेबलावर उलगडली.

"पाच गुरुवारची आहे," मी म्हटलं. "नदीपलीकडची."

अध्यक्षांनी बोटाने माती चाचपली. मग म्हणाले, "तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार." त्याला विचारा, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी ते बोललो नाही. पुडी तिथेच ठेवून बाहेर आलो आणि त्या दिवशी गवत फार छान कापलं.

सोमवारी तो सामान न्यायला आला. एक बॅग आणि ती वही. खरं कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं, निकाल वाईट आहेत एवढंच कळवलं होतं. मांडणीवर बसून त्याने बूट चढवले.

"काका, बुधवारी एक ट्रक येईल. परत पाठवू नका."

"कसला ट्रक?"

"येईल तेव्हा कळेल. पोरांवर लक्ष ठेवा. डावीकडचा घाबरतो, त्याला ओरडू नका." आणि मला नमस्कार करून गेला. मी हात जोडले की नाही, आठवत नाही.

बुधवारी ट्रक आला. तांबड्या मातीने भरलेला. ड्रायव्हरशेजारून काठी टेकत उस्ताद उतरले. उस्ताद म्हणजे ज्यांनी मला रोलर धरायला शिकवलं ते. पुढे ते गिरणीच्या मैदानावर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. उत्तरेच्या गोलसमोर तू चुकीची माती भरलीस, असं चारचौघांत बोलले म्हणून मी नऊ वर्षं त्यांच्याशी बोललो नव्हतो.

"बघतोस काय गाढवासारखा? फावडं आण," ते म्हणाले. "खाली मुरूम, वर ही, चाळून. पाच वेळा नमुने केले माझ्या अंगणात. तो पोरगा स्वतः घमेली उचलायचा. दर गुरुवारी."

मी फावडं घेऊन आलो, तरी उस्तादांचं चालूच होतं.

"तुझ्याशी आधी बोल असं मी म्हटलं, तर नको म्हणाला. म्हणे, काकांचं मैदान आहे, त्यांना कमीपणा वाटेल. आधी जमू दे, मग तुम्ही दोघं मिळून करा, मी बाजूला राहीन. आमचं भांडणसुद्धा मिटवायला निघाला होता लेकाचा! कुठंय तो? हाक मार."

"गेला."

"कुठे गेला?"

"काढला त्याला."

"कुणी?"

कमिटीने, असं म्हणता आलं असतं. ड्रायव्हर ट्रकचा फाळका उघडत होता. माती घसरून माझ्या पायांवर आली.

"मी," मी म्हटलं.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते मांडणीपाशी गेले, वाकून चपला काढल्या, नीट जोडीने ठेवल्या आणि अनवाणी मैदानात उतरले.

त्याच संध्याकाळी मी अध्यक्षांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी फोन लावला. फोन लागला, बोलणंही झालं. तो म्हणाला, राहू द्या, आता एका शाळेत शिकवायचं ठरवलंय. माझ्यावर तो रागावलाय का, ते विचारायचं धाडस अध्यक्षांनाही झालं नाही.

गोल आम्ही दोघांनी भरला. बाराव्या मॅनेजरने येऊन पाहिला.

"छान चाललंय. गवत धरायला किती दिवस?"

"नीट धरायला तीन वर्षं," उस्ताद म्हणाले.

तो हसला. "एवढं कोण थांबतंय इथे?"

आम्ही दोघंही हसलो नाही. तो आत गेल्यावर मी मांडणीकडे वळलो. त्याचे बूट तिथे होते, टाचेला काहीतरी लागलेलं होतं. मी ते तसंच राहू दिलं आणि पाण्याचा पाइप ओढत उत्तरेच्या गोलकडे गेलो.