तपकीरचं भाडं

तिला सगळे उस्ताद म्हणत. वडिलांचा भाजीचा ट्रक तिच्या वाट्याला आला, तेव्हा वर्षभर खपून तिने त्याची घोडे नेणारी गाडी केली. हौद्यात जाड रबर अंथरलं, बाजूंना गाद्या ठोकल्या, वारा आत यावा पण घोड्याच्या डोळ्यांत जाऊ नये अशा बेताने खिडक्या कापल्या, मागे चढायला रुंद फळी बसवली. आता लांबलांबून तिला बोलावणी येत.

शाळेपासूनची तिची मैत्रीण मुलांना घोडेस्वारी शिकवायची, म्हणून ती मास्तरीण. मास्तरणीला डोंगरावरच्या एका मोठ्या शाळेत नोकरी लागली आणि सोबत आपला घोडाही न्यायचा होता. तपकीर त्याचं नाव. रंगाने तसाच, शिवाय दर दोन मिनिटांनी समोरच्याच्या अंगावर शिंकणारा. मास्तरणीने फोनवर दिवस सांगितला, डिझेलचं मी बघते म्हणाली आणि सामानाचं बोलू लागली. उस्तादने तिला मधेच थांबवून आपलं भाडं सांगितलं. सगळ्यांना सांगते तेच, पूर्ण.

 मास्तरीण नुसतं ठीक आहे म्हणाली आणि सामानाचं बोलणं अर्धवट सोडून तिने फोन ठेवला.

उस्तादची आई आतून सगळं ऐकत होतीच. तिने लेकीला फैलावर घेतलं. आपल्या ताटात जेवलेली पोरगी, तुझ्या बाळंतपणात पंधरा दिवस उशाशी बसली, तिच्याकडे पैसे मागायला जीभ कशी रेटली तुझी?  उस्तादकडे सांगण्यासारखं होतं, पण ते आधी मास्तरणीला सांगायला हवं होतं.

संध्याकाळी ती तिच्या घरी गेली. खोलीत अर्धंअधिक सामान बांधून झालं होतं. मास्तरणीने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

"मागच्या वर्षी तुझी घोडी मी फुकट नेली होती," उस्ताद उभ्यानेच म्हणाली. "भाड्याच्या दोन खेपांच्या मधल्या वेळात घाईघाईने नेली होती तिला. वाटेत थांबायला हवं होतं, थांबले नाही. उतरली तेव्हा मागचा पाय सोललेला होता. तुला दिसलं होतं ना?"

मास्तरीण दोरी गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"दिसलं होतं. महिनाभर मलम लावत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू एक पैसा घेतला नव्हतास."

"तेच सांगतेय. दुसरा कुणी असता तर त्याने माझी सालटी काढली असती. तू गप्प बसलीस आणि मला ते वर्षभर खुपतंय. तपकीरला मला नीट न्यायचंय. आणि नाही नेलं, तर तू मला चार शब्द सुनावायला पाहिजेस."

मास्तरणीने दोरीची गुंडाळी पूर्ण केली. खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली, खुर्ची पुढे सरकवली.

"मग सुनावणार हं मी," ती म्हणाली.

ठरलेल्या दिवशी उजाडताच गाडी दारात लागली. तपकीर फळीवर पुढचे दोन पाय ठेवून जो थांबला तो थांबलाच. मास्तरीण दावं ओढायला लागली, तर उस्तादने ते तिच्या हातातून काढून घेतलं. आता घोडा माझ्या ताब्यात, म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून फळीवरच बसकण मारली. पाऊण तास गेला. शेवटी तपकीरने तिच्या मानेवर एक सणसणीत शिंक दिली. ती उठून आत गेली, तसा तोही आपणहून तिच्या मागोमाग चढला. वाटेत घासू नये म्हणून तिने त्याच्या शेपटीला पट्टी गुंडाळली.

घाटात तिने प्रत्येक वळण असं घेतलं, की मागे घोड्याला तोल सावरायला वेळ मिळावा. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, तिने वाजू दिले. दर दोन तासांनी सावली बघून ती थांबायची, पाणी पाजायची, पायांवरून हात फिरवायची. शेजारी बसलेली मास्तरीण आधी सारखी घड्याळ बघत होती. दुसऱ्या थांब्यानंतर तिने ते सोडून दिलं.

दुपारी शाळेच्या तबेल्यापुढे तपकीर ऐटीत खाली उतरला. मास्तरणीने चष्मा चढवला. चारी पाय खालून वर चाचपले, खूर उचलून पाहिले, पाठ, पोट, सगळं. तबेल्याचे म्हातारे प्रमुख बाजूला उभे राहून बघत होते.

"शेपटीची पट्टी घट्ट झालीय," मास्तरीण खणखणीत आवाजात म्हणाली. "इथे केस तुटलेत."

उस्तादने वाकून पाहिलं. खरंच तुटले होते.

"चुकलं. पुढच्या वेळी आतून मऊ कापड घालेन," ती म्हणाली. मान मात्र ताठ होती. इतकं मोकळं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मास्तरणीने पूर्ण भाडं तिच्या हातावर ठेवलं आणि पावती मागून घेतली. प्रमुखांना गंमत वाटली. मैत्रिणीकडून कुणी पैसे घेतं का, असं त्यांनी हसत विचारलं.

"मैत्रीण म्हणून नाही बोलावलं मी हिला," मास्तरीण म्हणाली. "या कामात हिच्या तोडीचं दुसरं कुणी नाही, म्हणून बोलावलं."

उस्ताद उगाचच फळीच्या कड्या तपासायला लागली.

पुढच्या महिन्यात सहा घोडे खाली न्यायचे होते, प्रमुखांनी तिला येणार का विचारलं. तिने भाडं सांगितलं. सहा आहेत, जरा कमी करा, असं ते म्हणाले. ती तोंड उघडणार, तोच मास्तरीण मधे पडली.

"एक पैसा कमी होणार नाही."

गाडीत एका वेळी दोनच घोडे मावत. पूर्ण भाड्याच्या तीन खेपा ठरल्या.